माझ्या पोटातली पेटी

मित्रांनो, शाहूपुरीतल्या एका घराच्या माडीवर राहणारा मी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी केलेलं नाही. ते आधीच सांगून ठेवतो.

क्रांतीनं मला घरीच, जेवणाच्या टेबलावर जोडलं. तेव्हा ती कॉलेजात फिजिक्स शिकत होती. प्रत्येक भागाबरोबर आलेली माहिती ती पूर्ण वाचायची आणि मगच स्क्रू पिळायची. सगळ्यांत जास्त विचार करून तिनं निवडली ती वीज पुरवणारी काळी पेटी. दुकानात तिला एसएमपीएस म्हणतात. मुलं कौतुक करतात ग्राफिक्स कार्डाचं. पण भिंतीतून आलेली वीज ज्याला जेवढी हवी तेवढी वाटून देते ती ही पेटी. ती खंबीर असली की आम्ही बाकीचे निर्धास्त असतो.

क्रांतीच्या वडिलांचं, बाळासोंचं, शिरोली एमआयडीसीत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला ते तिथल्या सगळ्या मशीनांची पूजा करतात. त्या वर्षी ते पूजा उरकून घरी आले, तेव्हा क्रांती माझ्या कॅबिनेटला कुंकू लावत होती.

"डब्याला काय कुंकू लावतीस?" ते म्हणाले. "आत राबतंय कोण? मोटर कुठली ह्याची?"

तिनं झाकण काढून दाखवलं. "मोटर न्हाय आबा. पण ही पेटी सगळ्यांना वीज देती."

"मग मान तिचाच की."

वर्कशॉपमधलं कुंकू ते तेलात कालवतात, म्हणजे लवकर पुसत नाही. घरी आणलेल्या त्या कुंकवात अंगठा बुडवून त्यांनी तो पेटीच्या पांढऱ्या लेबलवर दाबला. त्यांच्या अंगठ्यावर लेथवर कापल्याचा आडवा व्रण आहे. त्यामुळे लाल ठशाच्या मधोमध एक पांढरी रेघ राहिली. मग क्रांतीनं पेटीवरचं पत्र्याचं झाकण लावलं आणि ठसा आत गेला. तोवर माझा एवढा मान कुणी केला नव्हता.

पुढचे दिवस आनंदाचे होते. क्रांती अमरसिंहच्या टीममधून गोळीबाराचा गेम खेळायची. तिचा नेम अचूक होता आणि मी तिला कधी दगा दिला नाही.

मग माझा एक पंखा कुरकुरू लागला. क्रांतीची परीक्षा होती, म्हणून बाळासोंनी मला गल्लीच्या टोकाच्या सम्राटच्या दुकानात पोहोचवलं. पुढं रिपेअरिंग, मागच्या खोलीत गेम खेळायची सोय, असं ते दुकान. सम्राट स्वतःही खेळायचा, त्याची वेगळी टीम होती. त्यानं तेव्हाच एक नवं, दांडगं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. ते त्याच्या मशीनच्या पेटीला पेलत नव्हतं.

मला डोळे नाहीत, मित्रांनो, पण पोटात कुणी हात घातला तर कळतं. त्यानं पंखा बदलला, आणि माझी पेटी काढून स्वतःच्या मशीनमध्ये बसवली. त्याच्या मशीनमधली थकलेली पेटी माझ्यात घातली. कुंकवाचा ठसा त्यानं फडक्यानं पुसून पाहिला. डाग गेला नाही. "कोण बघतंय," तो म्हणाला आणि झाकण लावलं. तोंड असतं तर मी तिथंच बोंब मारली असती.

त्यानंतर मी अचानक बंद पडू लागलो. साधं काम असलं की तासन्तास चालायचो. खेळात मोठी चकमक सुरू झाली, कार्डानं एकदम जास्त वीज मागितली, की ती म्हातारी पेटी कोसळायची आणि पडदा काळा. पण चकमक कधी होईल हे ठरलेलं नसतं, म्हणून बंद पडणंही बिनकारणाचं वाटायचं.

क्रांतीनं डोकं शांत ठेवलं. एका वेळी एकच गोष्ट ती बदलायची. विंडोज पुन्हा टाकलं. रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या. धूळ झाडली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, प्लग दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. सम्राटला विचारलं, तर तो म्हणाला, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डच गेला असणार. पेटीकडं मात्र ती गेलीच नाही, कारण ती तिनं स्वतः पारखून घेतली होती. माझा सगळा राग सम्राटवर आणि त्या म्हाताऱ्या पेटीवर होता, आणि त्याचा फटका बसत होता तिला. याहून वाईट शिक्षा मला ठाऊक नाही.

तिच्यावर बोलणी येऊ लागली. एका मॅचमध्ये मी ऐन वेळी बंद पडलो, तेव्हा सम्राटच्या टीममधली पोरं हसली. "हरायला लागली की बंद पाडती!" तिचं नाव पळपुटी पडलं. अमरसिंह तिच्याच टीमचा कॅप्टन, पण तोही म्हणाला, "क्रांती, रविवारी सम्राटच्या टीमसंगं मॅच हाय. पुन्हा असं झालं तर तुझी जागा दुसऱ्याला."

शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा, तिनं पेटीवरचं झाकण काढलं. पिवळट लेबल. कुंकू नाही. मग तिनं हाक मारली, "आबा, तुमचा अंगठा कुठं गेला?"

बाळासोंनी वाकून पाहिलं आणि बाह्या सारल्या. "थांब, त्या सम्राटच्या कानाखालीच काढतो."

"मारून तो चोर ठरत न्हाय आबा. त्याच्याच हातानं उघडू दे. एवढं दांडगं कार्ड तो कशावर चालवतोय, ते बघूया."

रविवारी मॅचच्या आधी ती मला घेऊन दुकानात गेली. दोन्ही टीम जमल्या होत्या. सम्राट म्हणाला, "मी म्हटलं न्हवतं? मदरबोर्ड गेलाय. भंगारात काढायचं तर मी घेतो की."

"देते की. आधी एक खात्री करू. चांगल्या चालणाऱ्या मशीनचा एसएमपीएस माझ्या मशीनला लावू. तरी बंद पडलं, तर बोर्ड गेला. मग मशीन तुमचं."

"बरोबर हाय," अमरसिंह म्हणाला. "सम्राटदा, तुझाच लाव. तुझं कार्ड ओढतोय म्हणजे तगडा असणार."

"मॅच तोंडावर आलीया. आता कशाला खोलाखोली?"

बाळासोंनी स्टूल ओढलं आणि दारात बसले. "खोल की. आम्हाला कुठं गडबड हाय?"

सगळे बघत होते. सम्राटनं पेटी काढली, पण लेबलवर तळवा ठेवूनच.

"हात काढ," बाळासो म्हणाले. त्यांनी त्या डागावर आपला अंगठा टेकवला. रेघेवर व्रण नेमका बसला. त्यांनी अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. "पूजा मी केलती. परसाद तू खाल्लास व्हय?"

क्रांतीनं माझी पेटी माझ्यात बसवली आणि म्हातारी पेटी सम्राटपुढं धरली. "ही तुमची. जोडून देते."

"ह्यावर माझं कार्ड चालायचं न्हाय," तो पटकन बोलून गेला.

"का? माझं तर ह्याच्यावरच चालतंय म्हणून तुम्ही मशीन परत दिलतं की."

क्रांतीनं ती त्याच्या मशीनमध्ये जोडून दिली. दुसरी पेटी दुकानात नव्हती आणि न खेळणं म्हणजे हार, म्हणून तो तिच्यावरच खेळायला बसला. पहिली चकमक उडाली आणि त्याचा पडदा काळा झाला. त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं, पडदा पुन्हा काळा. मागून त्याच्याच टीमचं पोरगं म्हणालं, "हरायला लागला की बंद पाडतोय!" हे शब्द ऐकण्यासाठी मी किती वाट पाहिली होती. मी माझ्या सगळ्या पंख्यांनिशी घोंघावत होतो. मॅच आम्ही जिंकली.

अमरसिंह वरमून जवळ आला. "क्रांती, माझं चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली आणि माझी वायर गुंडाळू लागली.

आता मी खरंच जुना झालोय. दर खंडेनवमीला माझं झाकण निघतं आणि जुन्या ठशावर नवा ठसा बसतो. सम्राटच्या दुकानात आता रिपेअरिंगला कुणी मशीन टाकत नाही. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते त्या म्हाताऱ्या पेटीचं. तिसऱ्या चकमकीत तिच्यातून जळका वास आला आणि ती कायमची गेली. मी महिनोन्महिने तिचा द्वेष केला. तिचा दोष एवढाच, की न पेलणारं ओझं कुणीतरी तिच्या गळ्यात घातलं होतं. माझा सूड तिनं घेतला आणि कुणी तिला कुंकवाचं बोटही लावलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं यंत्र वर्षातून एकदा तरी उघडून बघा. आत कोण राबतंय ते ओळखून ठेवा. आणि त्याच्यावर तुमची खूण करा, सहज पुसली जाणार नाही अशी.