बारा तारे आणि दोन डोळे

मामांनी छापखान्यात एकतीस वर्षं रंग तपासले. यंत्रातून निघालेला कागद मंजूर नमुन्याशेजारी धरायचा आणि निळा जड झालाय की लाल कमी पडलाय ते एका नजरेत सांगायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले, पण नजरेचा अभिमान काही निवृत्त झाला नाही. तो गच्चीवर जाऊन बसला. तिथे त्यांची दुर्बीण होती. ज्यांचा प्रकाश कमी-जास्त होत राहतो अशा ताऱ्यांची प्रत शेजारच्या ताऱ्यांशी ताडून जोखायची आणि वहीत लिहायची, हा त्यांचा जुना छंद. प्रत म्हणजे ठळकपणाचा आकडा. तो जितका लहान, तितका तारा तेजस्वी. अशा तेवीस वह्या भरल्या होत्या, आणि महिन्याच्या महिन्याला त्यातले आकडे निरीक्षणं गोळा करणाऱ्या एका संस्थेकडे जात होते.

मामांची भाची कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. एका रविवारी दिवेलागणीला ती कॅमेरा आणि दोन फिल्टर घेऊन गच्चीवर आली.

"मामा, कॅमेरा दुर्बिणीला लावून बघूया? एका फिल्टरमधून निळा उजेड मोजायचा, दुसऱ्यातून हिरवा-पिवळा. दोन आकड्यांची वजाबाकी केली की ताऱ्याचा रंगसुद्धा आकड्यात मिळतो."

"यंत्राला काय कळतंय रंगातलं!" मामा म्हणाले. "छापखान्यातही आणलं होतं एक. तीन महिन्यांत कोपऱ्यात जाऊन बसलं."

"मग लावूया पैज. पण निकाल कोण देणार?"

"तूच सांग."

"प्रमाण तारे." भाचीनं पिशवीतून नकाशा काढला. "कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं मोजून यांची प्रत आणि रंग पक्का केलाय. तुझ्या छापखान्यातला मंजूर नमुना म्हण ना. हे बारा आहेत. यातल्या दोनांचे आकडे देते, बाकीच्या दहांचे तू सांगायचे."

नमुना म्हटल्यावर मामांना नाही म्हणता येईना. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला, उजवा डोळा भिंगाला लावला आणि एकेक तारा जोखत आकडे सांगितले. तासाभरात दहाही झाले. मग भाचीनं कॅमेरा बसवून तेच तारे टिपले आणि "उद्या कळवते" म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती आली ती थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मामी तिथे भाजी निवडत बसल्या होत्या. भाचीनं आलेखाचा कागद पसरला.

"केशरी आणि पिवळ्या ताऱ्यांत तू अगदी अचूक आहेस, मामा. माझा कॅमेरासुद्धा तुझ्यापुढे थिटा."

मामांची छाती फुगली. "सांगत नव्हतो?"

"पण पांढऱ्या ताऱ्यांत तुझं थोडं चुकलंय, आणि निळ्यांत बरंच. सगळ्यात निळा तारा तू जवळजवळ अर्ध्या प्रतीनं मंद सांगितलास. आणि कसा सुंदर चुकलायस बघ! तारा जितका निळा तितकी चूक जास्त. सगळे ठिपके एका रेघेत."

मामांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "चुकीत कसलं आलंय सौंदर्य?"

"अरे, अंदाज चुकला असता तर ठिपके कुठेही पडले असते. रेघ आली म्हणजे मध्ये काहीतरी आहे. तुझ्या डोळ्यात पिवळा फिल्टर बसलाय, मामा. मोतीबिंदू असणार, तो निळा उजेड अडवतो."

मामी हातातली शेंग खाली ठेवत म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्या रंगाऱ्याला घरभर फैलावर घेतलंत. पांढरा सांगितला आणि मलईचा फासला म्हणून. भिंत पांढरीच आहे हो."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले. तुम्ही म्हणालात, एकतीस वर्षं!"

मामा उठून बाहेरच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं भाची मागोमाग गेली, तर मामा उघड्या कपाटासमोर उभे. समोर तेवीस वह्या.

"यातल्या कुठल्या खोट्या?" त्यांनी विचारलं. आवाज चिडका नव्हता. "लोकांनी माझे आकडे धरून काम केलं असेल गं. कधीपासून चुकतोय तेही मला ठाऊक नाही."

भाचीनं एक वही उघडली. दर संध्याकाळच्या नोंदीच्या वर लहान अक्षरात पाच आकडे होते.

"हे काय?"

"ते काही नाही. बसलो की आधी त्याच पाच ताऱ्यांवर डोळा गरम करतो. पहिल्या दिवसापासूनची सवय."

"आणि जे दिसलं तेच लिहिलंस? पुस्तकात बघून नाही?"

"पुस्तकात बघायचं तर दुर्बीण कशाला हवी?"

भाचीनं ते पाच तारे यादीत शोधले आणि मटकन खालीच बसली. "मामा, हे पाचही प्रमाण तारे आहेत! दोन निळे, दोन पिवळे, एक केशरी. कधी बिघडलं आणि किती बिघडलं, सगळं तूच लिहून ठेवलंयस!"

पुढचे दहा दिवस कॉलेज सुटलं की भाची हजर. मामा आकडे वाचत, ती संगणकात भरत जाई. चौदाव्या वहीपर्यंत निळे तारे जागच्या जागी होते. पंधरावीत किंचित मंद झाले आणि मग वहीगणिक थोडे थोडे घसरत गेले. म्हणजे पहिल्या चौदा वह्यांना धक्काही नव्हता, आणि उरलेल्या नऊंमधली चूक वर्षावार काढून टाकता येत होती. मामांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते दोन वाट्या भात जास्त जेवले आणि आपण होऊनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला निघाले.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठ दिवस दुर्बीण बंद."

नेमकं इथेच घोडं अडलं. मामा सात वर्षं ज्याच्या मागावर होते तो एक तारा त्याच आठवड्यात मंद व्हायला लागला होता. मामा खोलीत येरझारा घालू लागले. शेवटी मामी वैतागून म्हणाल्या, "काय बघायचं असतं ते सांगा. मी बघते."

"तुला जमेल?"

"दुधावरची साय किती धरली ते चुलीपासून चार हातांवरून कळतं मला. हे तर भिंगातून बघायचंय."

मामी खुर्चीवर बसल्या. मामा शेजारी, उजव्या डोळ्यावर पट्टी आणि हातात डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेली विजेरी. "डावीकडचा आठ पॉइंट दोनचा आहे, खालचा आठ पॉइंट नऊचा. आपला कुठे बसतो?"

"खालच्याच्या जवळ. पण त्याच्याइतका मरगळलेला नाही," मामी म्हणाल्या. "आठ पॉइंट सात लिहा."

भाचीच्या कॅमेऱ्यानं त्याच संध्याकाळी आठ पॉइंट सहा आठ दिले. मामांनी तो आकडा दोनदा वाचला आणि वहीत मामींच्या आकड्याखाली ठसठशीत रेघ ओढली.

पट्टी सुटली तेव्हा गंमतच झाली. उजव्या डोळ्यानं भिंत शुभ्र, डाव्यानं मलईची. उजव्यानं आकाश निळंशार, डाव्यानं जुन्या वर्तमानपत्रासारखं. मामा दिवसभर एकेक डोळा मिटून जग बघत हिंडत होते. बेकरीतल्या बाईंनी तर मामींनाच गाठलं, "तुमचे हे मला डोळा का मारतात?" मामींना हसता हसता ठसका लागला. मामा मात्र सरळ रंगाऱ्याकडे गेले, हात जोडले आणि त्याला जेवायला बोलावून आले.

भाचीला दोन डोळ्यांचं हे कळलं मात्र, ती उड्याच मारायला लागली. "मामा, तुझ्याकडे आता दोन फिल्टर आहेत! एक स्वच्छ, एक पिवळा. तेच बारा तारे आधी उजव्यानं बघ, मग डाव्यानं. वजाबाकी केली की रंग मिळायला हवा!"

मामा डॉक्टरीणबाईंकडे गेले. "दुसरा डोळा सहा आठवडे राहू द्या."

"का बरं?"

"प्रयोग चालू आहे."

"मोतीबिंदू जपून ठेवणारे तुम्ही पहिलेच," त्यांनी कपाळाला हात लावला, पण तारीख पुढे ढकलली.

सहा आठवडे आभाळ मोकळं मिळेल त्या संध्याकाळी मामा गच्चीवर. बारा ताऱ्यांचे डाव्या-उजव्या डोळ्याचे आकडे भाचीनं मांडले आणि निळ्यापासून केशरीपर्यंत क्रम लावला. बारापैकी अकरा बरोबर बसले. उरलेला एक मामांनी रंगारी जेवायला आला होता त्या संध्याकाळी, गप्पांच्या भरात जोखला होता, म्हणून त्याचा दोष रंगाऱ्यावर ढकलण्यात आला.

मग दुरुस्त केलेले आकडे संस्थेकडे रवाना झाले. सोबत सगळा प्रकार प्रांजळपणे लिहिलेलं पत्र, आणि पट्टीच्या आठ दिवसांतल्या नोंदी कुणी केल्या तेही. मामा रोज उत्तराची वाट बघत. चूक कबूल केलीय, आता काय म्हणतील कोण जाणे.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्याच दिवशी उत्तर आलं. मामांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. दुरुस्तीची रीत पटली होती, सगळ्या वह्या मान्य होत्या, आणि एवढ्या वर्षांच्या शिस्तीबद्दल आभार मानले होते. खाली आणखी एक ओळ होती. ती वाचताना मामा अडखळले.

"काय झालं?" मामी आतून आल्या.

"त्या आठ दिवसांच्या नोंदी माझ्या नावावर घालता येत नाहीत म्हणतात. निरीक्षक म्हणून तुझी वेगळी नोंद केलीय. नोंदींखाली लिहायला तीन अक्षरांची खूणही दिलीय तुला."

मामींनी कागद हातात घेऊन ती तीन अक्षरं नीट पाहिली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुमच्या वहीत माझे आकडे चालायचे नाहीत तर मग. मला नवी वही लागेल. चांगल्या जाड पुठ्ठ्याची आणा."

मामा चपला घालून तसेच निघाले. दुकानात निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांची थप्पी होती, पण त्यातल्या कुठल्याच दोन निळ्या त्यांना एकसारख्या वाटेनात. त्यांनी सगळ्या वह्या दारात उजेडाला आणून एकेक धरून पाहिल्या, आणि दुकानदार हात टेकेपर्यंत मामींची वही निवडत राहिले.