दिवसाएवढी चौकट

आमच्या कुराशिकी शहरात कालव्यामागच्या गल्लीत कागद-पेनांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सात-आठ जणी जमतो आणि येणारे आठवडे आखतो. वही कोरी, नुसत्या ठिपक्यांची. कुठल्या वाराला किती जागा द्यायची, तो पानावर कुठे बसवायचा, हे जिचं तिनं ठरवायचं. कुणी सात उभे रकाने पाडतं, कुणी वेल काढून तिला सात पानं फोडतं. मी एकदा जिना काढला होता, शनिवार सगळ्यात वरच्या पायरीवर. बार्लीचा गार चहा, टेबलावर रंगीत कागदी चिकटपट्ट्यांचा ढीग, आणि तेवढा वेळ मला कुणीही ‘आई’ म्हणत नाही.

थोरली लेक झाली तेव्हापासून घरात मी आई आणि नवरा बाबा. मुली लग्न होऊन लांब गेल्या, तरी आम्ही एकमेकांना तेच म्हणत राहिलो.

नवरा, म्हणजे कुनिहिको, किनाऱ्यावरच्या एका पोलाद कारखान्यात होते. जन्मभर पाळ्या केल्या आणि मार्चमध्ये निवृत्त झाले. चेरी फुलून गळूनही गेली, तरी दुपारी काय करायचं ते त्यांना उमगेना. असेच एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी पट्टी धरून रेघा मारत होते.

“अगं, असल्या वह्या छापील मिळतात की.”

“मिळतात.”

“मग कशाला डोळे फोडून घेतेस?”

“छापील वहीत सगळे वार सारखे. माझ्या बुधवारी काडीचं काम नसतं. त्याला सोमवाराएवढी जागा कशाला देऊ?”

मी आपलं चिडून बोलले होते. पण ते तिथून हलेनात. “वार लहानमोठे असतात होय?” असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, “पाळीवाल्याला वार नसतोच. चार सकाळपाळ्या, सुट्टी, चार दुपारच्या, सुट्टी, चार रात्रीच्या, मग दोन सुट्ट्या. मला वाटायचं, आठवडा म्हणजे काय ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.”

दुसऱ्याच दिवशी ते ठिपक्यांची वही घेऊन आले. “येत्या शनिवारी मी आलो तर?”

“कंटाळाल.”

“कंटाळलो तर खाली पेनं बघत बसेन.”

यावर नाही कसं म्हणायचं?

माडीवर त्यांना पाहून बायका आधी खुदखुदल्या. दुकानाची मालकीण वाकाना समजूतदार आहे. तिनं खुर्ची दिली आणि म्हणाली, “आठवड्यात जे ठरलेलं असतं, ते आधी मांडा. उरलेलं आपोआप जागा शोधतं.”

बराच वेळ विचार करून त्यांनी काहीतरी लिहिलं. शेजारी तोमोए बसली होती. ती दंतवैद्याकडे कामाला आहे आणि तिच्या जिभेला हाड नाही. तिनं वाकून मोठ्यानं वाचलं, “मंगळवारी जळणारा कचरा टाकायचा, बुधवारी बाटल्या, शुक्रवारी पुन्हा जळणारा. अहो कुनिहिकोसान, तुमच्यापेक्षा तुमच्या कचऱ्याला जास्त कामं आहेत!”

सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चिझुरूसान, जरा पट्टी देता?”

तिथे सगळ्या मला अशीच, नावापुढे आदराचं ‘सान’ लावून हाक मारतात, म्हणून त्यांनीही मारली. मी पट्टी दिली. त्यानंतर माझी एकही रेघ सरळ येईना.

त्या उन्हाळ्यात त्यांनी काय काय करून पाहिलं! आधी गोल आठवडा काढला. मग पाळीच्या सवयीनं सोळा दिवसांचा. शेवटी चौकटी आधी आखायचंच सोडलं. “दिवस संपल्याशिवाय तो केवढा होता ते कसं कळणार?” त्यांचं म्हणणं. समोरासमोरच्या दोन पानांचं जोडपान कोरं ठेवायचं आणि संध्याकाळी त्या दिवसाएवढी चौकट काढायची. सोमवार नखाएवढा आला. मंगळवार दोन बोटं, कारण कचरा टाकून येताना कालव्यात एक बगळा बराच वेळ एका पायावर उभा होता आणि हेही उभे राहिले. बुधवारी ते गाडीनं कोजिमाला समुद्र बघायला गेले. वाटेत एका जीन्स शिवणाऱ्याच्या दारात थांबून विचारलं, “निळ्या कापडाला पिवळा दोरा का?” त्या भल्या माणसानं त्यांना आत बसवून घेतलं, ते संध्याकाळीच सुटले. समुद्र राहिला तो राहिलाच. बुधवारानं अख्खं पान खाल्लं, आणि रविवाराला जागाच उरली नाही. त्यासाठी त्यांनी कडेला कागदाचा तुकडा चिकटवला.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी ते पान टेबलावर आलं आणि सगळ्यांच्या खुर्च्या त्यांच्याकडे वळल्या.

“पण मग माझ्याकडची दाताची वेळ कुठे लिहायची?” तोमोएनं विचारलं.

“ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर. ही वही काय होणार त्याची नाही, काय झालं त्याची.”

वाकानानं टाळी वाजवली. मी त्या दिवशी आठवडा पंख्यासारखा उलगडून आखला होता, सात पाती. तो कुणी पाहिलाच नाही.

परतताना पुलाजवळ मी थांबले. “बाबा, एक बोलू? ती माडी माझी होती.”

“म्हणजे?”

“तिथे मी कुणाची आई नव्हते की बायको नव्हते. तुम्ही आलात, आणि मी परत बायको झाले.”

ते कठड्याला टेकले. खालून एक नाव गेली, तिच्यातल्या लोकांनी हात हलवला, आम्ही दोघांनीही हलवला.

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही इतके खूश होतात.”

“शनिवार तुझा. मी नाही येत,” ते म्हणाले. आवाजात रुसवा आहे का ते मी नीट ऐकलं. नव्हता. “आणि ते नाव? तेही नको?”

“ते चालेल. घरी म्हणा.”

“घरी? घरी मला लाज वाटेल.”

जुलैत एकदा न्हाणीघरातून हाक आली, “चिझुरूसान, टॉवेल!” मी दाराबाहेर टॉवेल हातात घेऊन वेड्यासारखी हसत राहिले.

माडीवर पुन्हा मी एकटी जाऊ लागले. तोमोए विचारायची, “आमचे कचरासान कुठे?” मी सांगायचे, भटकताहेत. मला मोकळं वाटत होतं. पण रेघा मारताना मनात एक किडा वळवळायला लागला. यांच्या पद्धतीनं माझे दिवस केवढे भरतील?

नोव्हेंबरात एक जोडपान मी कोरं ठेवलं. पहिले तीन दिवस काड्यापेटीएवढे आले, थोडं वाईटच वाटलं. गुरुवारी शेजारणीनं टोपलीभर पर्सिमन दिले, ही तुरट फळं वाळली की गोड होतात. आम्ही दोघं गॅलरीत बसून सोलत होतो, देठाला दोरी बांधून वाळत घालत होतो. हात चालू, तोंड बंद. आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की हा माणूस वर्षानुवर्षं रात्री घराबाहेर होता आणि तिथलं मला काहीच माहीत नाही.

“रात्रपाळीला तुम्ही खायचात काय?” मी विचारलं.

“तुझाच डबा.”

“तो संपल्यावर?”

ते चपापले. मग हसू आवरेना त्यांना. “रताळी. चंदेरी कागदात गुंडाळून गरम पोलादाच्या जवळ ठेवायचो. वरून करपायची, आत लोणी!”

“साहेबाला माहीत होतं?”

“साहेबच आणायचा रताळी.”

“आणि तेव्हा वार कुठला वाटायचा? कालचा की आजचा?”

त्यांचा सुरी धरलेला हात थांबला. “हे मला कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “डबा उघडेपर्यंत कालचा. खाऊन झालं की आजचा.”

मी विचारत गेले, ते सांगत गेले. भट्टीचा उजेड ढगांवर कसा पडायचा. हिवाळ्यात सुटून बाहेर आलं की घाम अंगावरच कसा गार व्हायचा. झोप येऊ नये म्हणून कोण गायचं, आणि किती बेसूर. टोपली संपली तरी आम्ही गॅलरीतच.

संध्याकाळी गुरुवारची चौकट काढायला घेतली. ती घडी ओलांडून समोरच्या पानावर गेली. शुक्रवार-शनिवाराला बोटभर पट्टा उरला, रविवारचं तर नावच नको. कुनिहिको चष्मा लावून वाकले.

“एवढा मोठा? आपण तर फळं सोलली नुसती.”

“हो ना,” मी म्हटलं. “मलाही कळत नाहीये. बसा जरा. तो बेसूर गाणारा, तो गायचा काय?”