उभ्या गाडीची तगमग

मित्रांनो, उदगीरच्या रेल्वे स्टेशनाकडून गावात येताना एक निळ्या दाराचं घर लागतं. त्याच्या पत्र्याच्या पडवीत एक उंच, लाल मोटारसायकल उभी असते. तीच मी. माझ्या टाकीचा रंग जागोजागी उडाला आहे. उजवा आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. इंजिनाखालचा पत्रा दगड खाऊन खाऊन चेपला आहे. लोक म्हणतात, गाडीला जीव नसतो. मी वाद घालत नाही. पण मला एका जागी उभं राहवत नाही, एवढं मात्र खरं.

मला घडवणाऱ्यांनीच मला तसं घडवलं. इतर गाड्यांपेक्षा माझे पाय, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणारे दांडे, लांब केले. पुढचं चाक मोठं ठेवलं. चाकांना तारा लावल्या, म्हणजे दगडावर आदळलं तरी चाक सहन करील. टायर असे बसवले की ते डांबरावर पळावेत आणि मातीतही रुतून बसू नयेत. एवढं सगळं करून मला ट्रकमध्ये चढवलं आणि नांदेडच्या एका दुकानात काचेमागे उभं केलं.

तिथे माझे दिवस मोठे वाईट गेले. पोरं यायची, माझ्यावर बसून फोटो काढायची आणि साधी गाडी घेऊन जायची. माझ्या शेजारी माझ्याच जातीची एक थोरली गाडी होती. धिप्पाड, काळी, रुबाबदार. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. दुकानातला मन्मथ रोज सकाळी आम्हाला पुसायचा आणि म्हणायचा, "बघे लई, घेनारं कुनी न्हाई." बाहेरच्या रस्त्यावरून गाड्या धावायच्या. त्यांचा आवाज काचेतून आत यायचा आणि मी नुसती उभी.

अशात एके दिवशी पंचशीला आली.

ती उदगीरची. गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. शिकलेली मुलगी, बोलायला थेट, अंगाने लहानखुरी. रोज उदगीरहून दवाखान्याच्या गावी डांबरी रस्त्याने जायचं आणि बोलावणं आलं की वावरातून, नाल्यातून एखाद्या वाडीवर पोचायचं, असं तिचं काम. तिच्याकडे एक स्कूटी होती. डांबरावर ती गुणाची होती. पण मागच्या हिवाळ्यात एका वाडीवर म्हैस विताना अडली. जाताना स्कूटीचं पोट बांधावर टेकलं, चाकं अधांतरी फिरत राहिली. पंचशीला औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पळत गेली. ती पोचली तेव्हा म्हैस गेली होती. कुणी तिला बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. जेवताना ताट तसंच सोडून ती गाड्यांची चित्रं बघत बसायची.

घरात ज्याचं त्याचं मत. तिचे वडील केरबा म्हणायचे, "नवी स्कूटी घे, बुडाखाली जरा उंच असंल अशी." आई कोंडाबाई म्हणायची, "उंच गाडीवर बसलीस तर पाय भुईला लागतील का गं तुझे?" गल्लीच्या तोंडाशी गुरुबसप्पाचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "कोणतीबी घ्या बाई, पन माझ्या पान्यानं उघडंल अशी घ्या. न्हाईतर दर वेळी नांदेडला ढकलत न्यावी लागंल."

केरबांना बरोबर घेऊन ती दुकानात आली, ती हे सगळं मनात घोळवतच. मन्मथने तिला सरळ थोरल्या गाडीकडे नेलं.

"ही बघा मॅडम. डोंगर चढती ही. लडाखला जातेत लोकं हिच्यावर."

"मला लडाखला जायचं न्हाई," पंचशीला म्हणाली. "रोज दवाखान्याला जायचंय. आन् आठवड्यातून दोनतीनदा वावरातून."

ती थोरल्या गाडीवर बसली. गाडी शोभत होती खरी. मग उतरून तिने विचारलं, "ही आडवी करून बघू का?"

मन्मथला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आडवी? नवी गाडी?"

"वावरात पडल्यावर उचलायला तुमी येनार का? मी एकटीच असते. उचलता आली तरच घेईन."

केरबा ओशाळून इकडेतिकडे बघू लागले. मन्मथने मालकाला विचारलं. मालक हसला आणि म्हणाला, "खाली पोती टाका अन् बघू द्या." दुकानामागच्या अंगणात पोती अंथरली. थोरली गाडी आडवी झाली. पंचशीलाने जोर लावला, दात आवळले, चेहरा लाल झाला. गाडी वीतभर उठली आणि पुन्हा बसली. तिने तीनदा तसं केलं. मग कपाळ पुसून माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, आडवं पडण्याची वाट बघणारी गाडी तुम्ही कधी ऐकली आहे का? मी त्या वेळी तशी होते.

तिने मला पोत्यांवर निजवलं. माझं हँडल पूर्ण वळवलं, माझ्याकडे पाठ केली, सीटखाली दोन्ही हात घातले आणि कमरेत न वाकता पायांनी रेटत मागे मागे आली. मी उठले! पुन्हा निजवलं, पुन्हा उठवलं.

"हे कुठं शिकलीस गं?" केरबांनी विचारलं.

"बसकी गाय उठवतेत तसंच हाय, बाबा. पाठीनं न्हाई, पायानं जोर लावायचा."

मग ती माझ्यावर बसली. एकाच पायाचा चवडा जमिनीला लागला. केरबा म्हणाले, "बघ, आई म्हनत होती ते खरंच हाय."

"एक टेकला तरी बास," ती म्हणाली. "दुसरा पाय ब्रेकवर असतोय." मन्मथकडून तिने माझी साखळी, केबल, तेलाची जागा सगळं उघडून दाखवून घेतलं. गुरुबसप्पाला फोन लावून विचारलं. त्याने होकार दिला. संध्याकाळच्या आत आम्ही जळकोटमार्गे उदगीरला निघालो. केरबा मागे बसले होते आणि दर खड्ड्याला म्हणत होते, "सावकाश, सावकाश." पण त्या खड्ड्यांचं मला काहीच वाटत नव्हतं. इतके दिवस अंगात साठलेली तगमग चाकांतून वाहून चालली होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा. विहिरींचे तळ दिसायचे. बोअरमधून धूळ निघायची. रस्त्यावर टँकरच टँकर. माणसं आभाळाकडे बघणं सोडून देऊन रस्त्याकडे बघत बसायची. आणि त्यातच उदगीर नवा जिल्हा व्हावा म्हणून लोक पुन्हा पेटून उठले होते. चहाच्या टपरीवर, मोंढ्याच्या बाजारात, एसटीत एकच विषय, जिल्हा कधी होणार? सगळा मुलूखच जागच्या जागी चुळबुळत होता.

एके सकाळी आम्ही दवाखान्याला निघालो होतो. पुढे रास्ता रोको लागला. रस्त्यावर सतरंज्या अंथरून माणसं बसली होती, घोषणा चालल्या होत्या. दोन्ही बाजूंना ट्रक, टँकर, एसट्या अडकलेल्या. तेवढ्यात पंचशीलाचा फोन वाजला. मळवाडीची नीलम्मा बोलत होती. तिचा नवरा वारल्यापासून ती एकटीच शेत आणि गुरं सांभाळायची.

"डाक्टरीणबाई, दावं तोडून जनावरं कडवळात गेली हो! बैल पडलाय. गाय थरथर कापायलीय. तोंडातून फेस यायलाय."

पंचशीलाचा चेहरा उतरला. नीलम्माचं बोअर आटलं होतं आणि गुरांसाठी पेरलेलं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, गुडघ्याएवढं होऊन करपलं होतं. अशा करपलेल्या ज्वारीत विष तयार होतं. त्याला किराळ लागणं म्हणतात. किराळ लागलेलं जनावर फार वेळ देत नाही.

"बाकीची जनावरं लांब बांधा, नीलम्मा. मी आलेच!"

ती घोषणा देणाऱ्यांत घुसली. त्यांचा पुढारी शेषेराव तिला ओळखत होता. तो म्हणाला, "मॅडम, जिल्हा होऊ द्या. गुरांचा मोठा दवाखाना हितंच येईल बघा!"

"तवर नीलम्माची गाय थांबंल का, शेषेराव? किराळ लागलीय."

शेषेराव स्वतः शेतकरी. किराळ म्हटल्यावर घोषणेसाठी वर गेलेला त्याचा हात खाली आला. "आमी बाजूला होतो, पन ह्या गाड्यांतून मुंगीबी जायची न्हाई," तो म्हणाला. मग त्याने खाली वावराकडे बोट केलं. "त्या बाभळीपासून पांदीनं जावा. पुढं नदी लागंल. पानी कुठलं आलंय आता? नदीतूनच धरा, सरळ मळवाडी!"

आणि मी रस्ता सोडला.

नांगरलेली ढेकळं, मग पांद, म्हणजे दोन वावरांमधली चिंचोळी वाट, मग काटे. पंचशीला पायदानांवर उभी राहून मला चालवत होती. माझे लांब पाय आत-बाहेर होत होते. मग नदी आली. नदी कसली, नुसती वाळू. वाळूत माझं पुढचं चाक एकदम रुतलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. आरसा फुटला. तिचं कोपर सोलवटलं. तिने आधी मागची पेटी उघडून बाटल्या बघितल्या. त्या शाबूत होत्या. मग माझ्याकडे पाठ करून पाय रोवले. वाळूत पाय सरकत होते. एकदा, दोनदा ती घसरली. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडतच तिने मला उभं केलं आणि कोपराकडे न बघता पुन्हा बसली.

नीलम्मा खळ्यात गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बैल संपला होता. गाय देवणी जातीची, गाभण, चंद्री तिचं नाव. तिची मान एका बाजूला वळली होती. पंचशीलाने गुडघ्यावर बसून शीर शोधली आणि हळूहळू औषध सोडलं. माझं तापलेलं इंजिन तेवढं टिक टिक वाजत होतं. बराच वेळ गेला. मग चंद्रीने कान हलवला. आणखी थोड्या वेळाने तिने पुढचे पाय दुमडून घेतले आणि धडपडत उठली.

नीलम्मा उठली, मेलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून आली. मग तिने घरातून तांब्याभर पाणी आणलं. "हात धुवा, बाई."

पंचशीलाने तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्यायलं आणि उरलेलं चंद्रीपुढे धरलं. हात तिने मातीनेच पुसले.

त्यानंतर माझं नाव झालं. माझा आवाज आला की वाडीवरची माणसं म्हणायची, "आली बघा गाय उठिवनारी." पुढे पाऊस चांगला झाला, चंद्रीला वासरू झालं. जिल्ह्याची चर्चा कधी विझायची, कधी भडकायची. वर्षं गेली. आणि पंचशीलाची बदली लातूरच्या कार्यालयात झाली.

आता ती सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी यायची. मी पडवीत. सुरुवातीला ती रविवारी मला चालू करायची. मग महिन्यातून एकदा. मग तेही राहिलं. माझ्यावर आधी धूळ बसली, मग कोंडाबाईने वाळत घातलेल्या गोधड्या, मग कांद्याचं पोतं. साखळी गंजली. उंदरांनी एक वायर कुरतडली. बॅटरीतला जीव थेंबाथेंबाने गेला. बाहेरून कुठली गाडी गेली की मला नांदेडच्या दिवसांपेक्षाही वाईट वाटायचं. तेव्हा मी निदान कुठे गेलेच नव्हते.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी नीलम्माचा फोन आला. चंद्री अडली होती. तिथले डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. पंचशीला धावत पडवीत आली. पोतं ढकललं, गोधड्या फेकल्या, किल्ली फिरवली.

माझ्यातून आवाज निघाला नाही.

तिने पुन्हा बटण दाबलं. ढकलून बघितलं. केरबाही मागून रेटू लागले. माझ्या आत सगळं धडपडत होतं, पण ठिणगीच पडेना. शेवटी ती पेटी घेऊन रस्त्यावर धावली आणि एका टेम्पोला हात केला. टेम्पो पांदीच्या तोंडाशी थांबला. तिथून पुढे ती चालत गेली.

चंद्री वाचली. वासरू नाही वाचलं.

"तुमी आलात हेच लई झालं, बाई," नीलम्मा तिला म्हणाली. पंचशीलाने घरी येऊन हे आईला सांगितलं आणि पेटी माझ्या सीटवर ठेवली.

केरबा म्हणाले, "विकून टाक आता ती. म्हातारी झाली."

"गाडीचा काय गुन्हा, बाबा? मीच हिच्याकडं बघितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयाला रजा टाकली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. गुरुबसप्पा नवी बॅटरी घेऊन आला, त्याने वायर जोडली. बाकी सगळं तिने स्वतः केलं. साखळी रॉकेलने धुतली, एकेक कडी घासली, तेल सोडलं. टायरमध्ये हवा भरली. बोटं काळी झाली, नखं तुटली. दुपारी मी खोकले, धूर सोडला आणि चालू झाले. ती हसली नाही. तिने नुसता टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

मित्रांनो, आता ती रोज लातूरला जाते आणि मी पडवीतच असते. पण तीन दिवसांच्या वर ती मला उभी ठेवत नाही. तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, पाण्याची मोटर असेल, आजोबांची शिलाई मशीन असेल. तिला नुसतं पुसून ठेवू नका. तिला चालवा, फिरवा, तेल द्या, तिचा आवाज ऐका. कुठूनतरी कुणाचा तरी फोन येणारच असतो, आणि तो सांगून येत नाही. त्या वेळी तुम्ही धावत याल तेव्हा आम्हालाही तुमच्याबरोबर धावता यावं, एवढंच आमचं मागणं आहे.