खड्ड्यात गेलेली अंडी

मी कोंबडी बोलतेय, आणि आवाज चढवूनच बोलणार आहे. गोड बोलायला मी पोपट नाही.

माझा जन्म यंत्रातला. उबेला आई नव्हती, पिवळा दिवा होता. पंख फुटले तशी आमची रवानगी साहेबांच्या घरी झाली. साहेब म्हणजे मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. वस्तीच्या टोकाला घर, मागे मोकळी जागा आणि हाताशी रग्गड वेळ. त्यांना कोंबड्या पाळायची हौस आली. घरात माणसं दोन, कोंबड्या आणल्या वीस!

"अहो, एवढी अंडी खाणार कोण?" वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. सगळे शेजारी त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून आम्हीही.

"तुला लांबचं दिसतच नाही," साहेब म्हणाले.

जवळचं सगळं मात्र वहिनींनाच दिसायचं. दाणे त्या घालायच्या, पाणी त्या बदलायच्या, खुराडं त्याच झाडायच्या. साहेब यायचे ते फोन घेऊन. मला काखेत दाबायचे, हसायचे आणि फोटो निघाला की धपकन खाली सोडायचे.

पहिलं अंडं घालताना माझा जीव अर्धा झाला होता. वहिनींनी ते कोमट अंडं उचललं आणि हळूच गालाला लावलं. आमच्यात कोंबडा नव्हता, म्हणजे पिलं काही होणार नव्हती. तेव्हा अंडं माणसांनी खावं, याला माझी ना नव्हती. पण खावं तरी!

पुढे आम्ही सगळ्याच जणी घालायला लागलो. सुरुवातीला घरात कौतुक चाललं. सकाळी आम्लेट, संध्याकाळी उकडलेली, पाहुण्यांच्या हातात जाताना पिशवी. मग पाहुणे "अंडी नकोत हं" असं सांगूनच आत पाऊल टाकू लागले. मागच्या व्हरांड्यात टोपल्या भरल्या, मग बादल्या, मग साहेबांची उन्हात घालायची टोपीसुद्धा.

शेजारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक ताई राहते. एक दिवस ती कुंपणापाशी आली.

"वहिनी, आमच्याकडच्या आजारी मुलांना अंडं कधीमधीच मिळतं. तुमची उरलेली द्याल का? कामावर जाताना मीच घेऊन जाईन."

वहिनींनी लगेच टोपली उचलली. तेवढ्यात साहेब आडवे आले. "अशी फडक्यात बांधून द्यायची? आपली काही प्रतिष्ठा आहे की नाही? छापील खोके सांगितलेत. ते आले की रीतसर कार्यक्रम करू, चार लोकांना बोलावू."

"अंडी तोवर थांबतील का?" वहिनींनी विचारलं.

"न थांबायला काय झालं? त्यांना काय पाय आहेत?"

खोक्यांवर साहेबांचा फोटो छापायचा होता. आधी मिशा नीट आल्या नाहीत म्हणून फोटो बदलला, मग पसंत पडला नाही म्हणून रंग. इकडे ऊन तापत चाललं होतं. त्यात साहेबांनी काय करावं? फोटोत चमकावीत म्हणून सगळी अंडी साबणाच्या पाण्यात घासून काढली! अहो, अंडं बाहेर येताना आम्ही त्यावर एक पातळसा लेप देतो. त्यानेच ते टिकतं. आमची ती सगळी राखण या माणसाने ब्रशने खरवडून टाकली. वहिनी "धुऊ नका हो" म्हणत राहिल्या, पण ऐकतो कोण?

खोके आले त्याच दिवशी व्हरांड्यात एक अंडं फटकन फुटलं. असा वास सुटला की मांजरही पळालं. वहिनींनी बादलीत पाणी घेऊन एकेक अंडं सोडून पाहिलं. चांगलं अंडं तळाशी बसतं. ही सगळी टुणकन वर येत होती. वहिनींनी पदर नाकाला लावला, मग डोळ्यांना.

कुंपणाजवळ खड्डा खणला गेला. आमच्या डोळ्यांदेखत बादल्यांवर बादल्या त्यात रिकाम्या झाल्या. आम्ही जीव तोडून ओरडलो. साहेब म्हणाले, "काय कलकलाट लावलाय! सगळी चूक यांचीच. घालतातच भारंभार. निम्म्या कमी करून टाकू."

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्या असताना कोंबडीवाला आला. त्याने सगळ्यात आधी तांबडीला उचललं. ती रोज माझ्या अंगाला अंग लावून झोपायची. तिच्याबरोबर आणखी पाच जणी पिंजऱ्यात कोंबल्या आणि गाडी गेली. तो दुसऱ्या खेपेला परत आला, माझे पाय धरले, मी उलटी लोंबकळले, आणि तेवढ्यात वहिनी आल्या. भाजीची पिशवी जागीच टाकून त्या खुराड्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"सोड तिला. आधीच्या कुठे आहेत?"

कोंबडीवाल्याने मान खाली घातली. "त्यांचं झालं, वहिनी."

वहिनींनी मला त्याच्या हातातून सोडवून घेतलं. मग साहेबांकडे वळल्या.

"अगं, लोकांसमोर तमाशा नको," साहेब म्हणाले.

"लोकांसमोरच करणार! दाणे मी घालते, घाण मी काढते, अंडी माझी. ताई, टोपली घेऊन या. आजपासून रोज सकाळी अंडी न्यायची, विचारायचं नाही."

"आणि खोक्यांचं काय?"

"खोक्यांत तुम्ही बसा!"

कुंपणापलीकडे ताई फिस्सकन हसली. साहेबांनी आत जाऊन दार आपटलं.

आता अंडी ऊब असेपर्यंतच ताईच्या टोपलीत जातात. एका मुलाने म्हणे दुसरं अंडं मागून घेतलं. बरं वाटलं. पण तुम्ही म्हणाल, मग आता राग कसला? तांबडीची जागा रिकामी आहे, त्याचा राग. रात्री त्या बाजूने वारा लागतो.

आज सकाळी वहिनींनी पोटाखाली हात घातला, तर मी त्यांनाही कडकडून चोच मारली. त्यांनी हात मागे घेतला नाही. "मार," म्हणाल्या, "मीही अजून बोलत नाहीये त्यांच्याशी."

बोलून झालं माझं. आता जरा बाजूला व्हा. मला अंडं घालायचंय, आणि ताई निघायच्या बेतात आहे.