मानेखालची उशी

"झाकण लावण्याआधी तारा सैल कर, छोटी. माणूस झोपताना कमरेचा पट्टा सोडतो ना, तसं. आणि मानेखाली उशी द्यायला विसरू नकोस."

दादाचं हे बोलणं तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढे पुढे त्याने नुसतं तोंड उघडलं तरी ती "हो, हो" म्हणून मोकळी व्हायची. आता दादा नव्हता. त्याची गिटार होती, आणि ती आजारी पडली होती.

छोटी आता काही छोटी राहिली नव्हती. पन्नाशी कधीच मागे पडली होती, आणि चष्मा दिवसभर नाकावरून कपाळावर नि कपाळावरून नाकावर फेऱ्या मारत असायचा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. उसवलेलं, आखूड झालेलं, अंगात मावेनासं झालेलं, सगळं तिच्याकडे यायचं. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली की मशीनवर झाकण पडायचं. मग दारात कुणी कितीही गयावया करो, सुईत दोरा ओवला जायचा नाही. मळकं कापड मात्र तिला कुठल्याही वेळी बघवायचं नाही. गिऱ्हाइकाने न धुतलेली विजार दुरुस्तीला आणली, तर ती आधी धुवायची नि मग शिवायची, आणि धुण्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

दादा गेल्यापासून गिटार वहिनीच्या घरी पेटीत बंद होती. धूळ झटकायला म्हणून वहिनीने पेटी उघडली, तर तारा जिथे अडकवतात ती लाकडाची पट्टी एका बाजूने उचकटलेली, आणि तिच्याखाली केसासारखी बारीक चीर. जवळच्या वाद्यांच्या दुकानात नेली, तर तिथला माणूस म्हणाला की दोन स्क्रू मारतो, हत्तीने ओढली तरी निघायची नाही. वहिनीने गिटार उचलली आणि तशीच घरी आणली.

ज्या कारागिराने ती आपल्या हाताने घडवली होती, तो लांबच्या शहरात राहायचा. छोटीने त्याला फोन लावला. आवाज म्हातारा, पण ठणठणीत. गिटार त्याला चांगली आठवत होती. त्याने सांगितलं, पाठवा, पण नीट बांधा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वाद्यांना मूळ दुखण्यापेक्षा प्रवासानेच जास्त लागलेलं असतं. स्वतः घेऊन जावं असं छोटीला फार वाटलं. पण शाळांचे गणवेश शिवायचे दिवस होते, कापडाचे ढीग छपराला टेकायला आले होते. शेवटी कुरियरने पाठवायचं ठरलं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा छोटी दोन वेण्या घालून शाळेत जात होती, म्हणून वहिनी तिला अगंतुगंच करायची. फक्त रागावली, किंवा फारच मनातलं बोलायचं असलं, की 'वन्सं' म्हणायची. गिटार छोटीच्या हातात देताना ती म्हणाली, "वन्सं, या सवतीला मी आयुष्यभर पुसलं, झाकलं, बसायच्या खोलीतली चांगली जागा दिली. आता तिला परगावी तुम्ही पाठवा. पण नेता तशी आणून द्या. तुमच्या भावाचे कपडे आहेत, चपला आहेत. बोलणारं असं एवढंच राहिलंय."

त्या दिवसापासून छोटीच्या जिवाला घोर लागला.

तिने काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही. तारा सैल केल्या. दादाच्या पेटीपेक्षा मोठं असं जाड पुठ्ठ्याचं खोकं मिळवलं. मधल्या फटींत कागदाचे बोळे आणि दुकानातल्या चिंध्या भरायच्या ठरवल्या. खोक्याच्या सगळ्या अंगांना जाड अक्षरांत 'नाजूक' लिहिलं, वरची बाजू कुठली ते बाण काढून दाखवलं. एवढं झाल्यावर तिची नजर मानेखालच्या उशीवर गेली.

ती उशी दादानेच केली होती. जुन्या स्वेटरची बाही कापून, तिच्याच दुकानातल्या चिंध्या ठासून, दोन्ही तोंडं ओबडधोबड टाक्यांनी बंद केलेली. पेटीत गिटारची मान अधांतरी राहायची, तिच्याखाली ही बरोबर बसायची. पण इतक्या वर्षांच्या हाताने ती काळीमिट्ट आणि तेलकट झाली होती. परक्या माणसाच्या दारात असली उशी पाठवायची? छोटीला कसंतरीच झालं. तिने टाके उसवले, चिंध्या काढल्या, बाही साबणाने खसाखसा धुतली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली. गाडी दुपारनंतर येणार होती. तोवर वाळेल, नव्या चिंध्या भरू, नीट टाके घालू.

तेवढ्यात वहिनी आली. तिला म्हणे गिटार एकदा बघायची होती. मागच्या खोलीत उघड्या पेटीपाशी तिला बसवून छोटी पुढे एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेली. ते माप संपतंय न संपतंय, तोच कुरियरचा माणूस दारात. गाडी लवकर निघाली होती, आणि त्याला अजून अर्धं गाव फिरायचं होतं. छोटीची धांदल उडाली. मागे आली तर वहिनी पेटीच्या कड्या लावून बसलेली. "झाकण मी लावलंय," एवढंच म्हणाली, आणि डोळे टिपत निघून गेली. छोटीने पेटी खोक्यात ठेवली, बोळे कोंबले, चिकटपट्टी ओढली, आणि खोकं गाडीत चढलं. पेटी आडवी ठेवा, उभी नको, वर काही रचू नका, असं तिने त्या माणसाला इतकं बजावलं, की तो म्हणाला, "मावशी, एवढी काळजी माझ्या आईनं माझीही केली नाही."

दुपारी वाळलेले कपडे काढायला ती मागे गेली. दोरीवर ती राखाडी बाही स्वच्छ होऊन वाऱ्यावर हलत होती.

म्हणजे मानेखाली काही न देताच गिटार गेली होती.

कुरियरच्या कार्यालयात फोन लावला. कुणी उचलेपर्यंत थांबा म्हणून पलीकडून गाणं वाजत होतं, आणि तेही नेमकं गिटारचं. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली. गाडी शहराबाहेर पडली होती, खोकं आता मध्येच उतरवता येणार नव्हतं. माल कुठवर गेला ते मोबाइलवर दिसेल, असं तिने गोड आवाजात सांगितलं. मोबाइलवर 'माल निघाला' असं दिसलं. दुसऱ्या दिवशी 'पुढच्या केंद्रात पोहोचला' असं दिसलं. त्यानंतर ते अक्षर हलेचना. पोहोचायचा दिवस आला नि गेला, तरी तेच.

सकाळच्या प्रार्थनेला बसलं की छोटीची पंचाईत व्हायची. माणसासाठी मागणं सोपं असतं. लाकडासाठी काय मागायचं? आणि देवाशी सौदा करायचा नाही हा तिचा जुना नेम होता: हे दे, मग मी ते करीन, असलं बोलणं तिला बाजारातलं वाटायचं. ती नुसती हात जोडून बसायची, आणि बंद डोळ्यांपुढे ती अधांतरी मान दिसत राहायची. एका सकाळी मात्र तिला स्वच्छ कळलं की इथे बसून उपयोग नाही. आधी वहिनीकडे जायला हवं.

वहिनी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. छोटीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उशी, साबण, दोरी, लवकर आलेली गाडी. काही राखून ठेवलं नाही. वहिनीचे हात थांबले.

"धुतलीस?" ती म्हणाली.

"मळकी होती गं."

"तुझ्या हातात साबण दिला, तर तू चंद्रावरचे डागसुद्धा काढून येशील." वहिनीने एक शेंग सोलली, दाणे भांड्याऐवजी सालांत टाकले, ते तिच्या लक्षातही आलं नाही. छोटी वाट बघत राहिली. मोठा आवाज झाला असता तरी तिला चाललं असतं.

"आली धड, तर एक करायचं," वहिनी म्हणाली. "रोज संध्याकाळी इथे यायचं आणि ती वाजवायची."

"मला कुठे येतं? दादानं शिकवलेली एकच चाल येते. तीही मध्ये अडखळते."

"अडखळू दे. मला काही मैफल नकोय. घराला सवय आहे. संध्याकाळ झाली की भिंती कान देऊन बसतात, आणि काहीच येत नाही."

छोटीने खाली बसून सालांतले दाणे वेचले. "येईन," ती म्हणाली. "रोज येईन." आणि मग, नाहीच आली धड तर काय, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर वहिनी रोज दुकानात येऊ लागली. काम मागायची नाही, सुई उचलायची आणि गणवेशांना बटणं लावत बसायची. दर थोड्या वेळाने छोटी मोबाइल बघायची, वहिनी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि पुन्हा दोघी आपापल्या सुईत मान घालायच्या.

फोन आला तो कारागिराचाच. वहिनीने मोबाइल घेतला आणि आवाज मोठा करून कापडाच्या ढिगावर ठेवला.

खोकं पोहोचलं, कारागीर म्हणाला. पण एक कोपरा पार चेपलेला. कुठेतरी उंचावरून पडलं असणार, आणि तेही ज्या टोकाला गिटारचं डोकं होतं त्याच टोकावर. असं पडलं की मान डोक्यापाशी मोडते, त्याच्याकडे अशी दोन तुकड्यांत आलेली वाद्यं कोपऱ्यात उभी आहेत.

छोटीने डोळे मिटले.

"पण तुमच्या गिटारला काही झालेलं नाही," म्हातारा म्हणाला. "पट्टी नि चीर, जे होतं तेवढंच. मानेखाली तो चौकड्यांचा शर्ट कुणी ठेवला? घट्ट गुंडाळी करून अगदी हवा तिथे दिलाय. बांधणाऱ्याला चांगली जाण आहे."

छोटीने डोळे उघडले. वहिनी बटणाची चारी भोकं निरखून बघत होती.

"जाण कसली," ती पुटपुटली. "एकटी निघाली होती. त्याचा शर्ट घरून आणून दिला सोबतीला. मानेखाली पोकळ दिसलं, तिथे सारला."

मग म्हातारा म्हणाला की तो शर्ट त्याने घडी घालून ठेवलाय. धुवायला हवा का?

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

मग छोटी हसायला लागली. हसता हसता रडू फुटलं, आणि चष्मा पुसायला हाताशी जे आलं तो एका मुलाच्या गणवेशाचा शर्ट निघाला. वहिनीने तो तिच्या हातातून काढून घेतला. "आता हाही धुवावा लागणार," ती म्हणाली, आणि तिच्याही नाकाचा शेंडा लाल झाला होता. छातीवर इतके दिवस ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला नेल्यासारखं दुकान एकदम मोठं वाटू लागलं. त्या दिवशी त्यांनी चहा केला तो साखरेशिवाय, आणि पिऊन संपेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

येताना मात्र कुरियर नाही, हे वहिनीने बजावून टाकलं. गणवेश पोहोचते झाले तशी छोटी स्वतः बसने गेली. कारागिराने पट्टी अशी बसवली होती की जोड कुठला ते बोटाला कळेना. चीर तेवढी बारीक रेघ होऊन राहिली होती. ती त्याने मुद्दाम लपवली नव्हती. म्हणाला, वय झालं की एखादी सुरकुती शोभते. परतीच्या बसमध्ये छोटीने खिडकीची जागा गिटारला दिली आणि आपण कडेला बसली. वाहकाने विचारलं, कोण आहे हे. "वहिनीची सवत," ती म्हणाली, आणि तो काही न कळून पुढे गेला.

घरी आली त्या दिवशी दुकान उघडायचंच होतं. तिने दिवसभर काम केलं. मधल्या वेळात स्वेटरची धुतलेली बाही काढली, चिंध्या भरल्या, आणि टाके घालताना हातातली सफाई आवरली; दादाने घातले होते तसेच ओबडधोबड घातले. पेटीत मानेखाली उशी ठेवली. शर्ट तसाच, दादाच्या वासासकट, वर पांघरला.

संध्याकाळची प्रार्थना झाली. आज मागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती थोडी लवकर उठली. मशीनवर झाकण घातलं. एक बाई पदर खोचत घाईघाईने आली, मुलीच्या फ्रॉकला खालून नुसती टीप मारून द्या म्हणाली. छोटीने मान हलवली. "उद्या सकाळी या. आता मला एका ठिकाणी जायचंय. रोजच जायचंय."

दाराला कुलूप लावून तिने पेटी उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. रस्त्यात दिवे लागायला सुरुवात झाली होती. ती भिंतीच्या कडेकडेने, पेटीला कुणाचा धक्का लागणार नाही अशी चालू लागली, आणि चालता चालता डाव्या हाताची बोटं हवेतच ती चाल आठवून बघू लागली. नेहमीच्या जागी ती अडखळली. छोटीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि वहिनीच्या गल्लीकडे वळली.