थोरलीच्या पोटातलं तेल

सासूबाई आठवडाभर राहायला येणार असं कळल्याबरोबर जावयाने काय केलं, तर ट्रक दारासमोरून काढला आणि दोन गल्ल्या सोडून एका बंद गोदामाच्या मागे नेऊन उभा केला.

ट्रक त्याच्या लग्नाआधीचा. म्हणून त्याची बायको ट्रकला ‘थोरली’ म्हणायची. “ती या घरात माझ्याआधी आली, तेव्हा मान तिचाच,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. या थोरलीने तीन महिन्यांपासून निळा धूर सोडायला सुरुवात केली होती. ती सुरू झाली की शेजारपाजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. एका मिस्त्रीने निदान केलं, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला. दुसरा म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खाली उतरवावं लागेल. आणि सासूबाई म्हणजे बस डेपोच्या इंजिन विभागात एकतीस वर्षं काढलेल्या फिटर. डेपोत त्यांचं नावच बाईमिस्त्री पडलं होतं. त्यांच्या कानावर एक शब्द घातला असता तरी काम झालं असतं. पण मुलीला मागणी घालायला गेला तेव्हा याच पठ्ठ्याने त्यांच्यासमोर छाती फुगवून सांगितलं होतं, “गाडीतलं मला सगळं कळतं.” आता विचारणार कोणत्या तोंडाने?

तिसऱ्या दिवशी सकाळी बिंग फुटलं. मधमाश्या पाळणारं एक गिऱ्हाईक घरी आलं. त्याच्या चाळीस पेट्या दुसऱ्या दिवशी टेकडीपलीकडच्या फुलांच्या शेतात न्यायच्या होत्या.

“पण गाडी धूर करणार असेल तर मी दुसरी बघतो हं,” तो म्हणाला. “मागच्या खेपेला माझ्या माश्या दोन दिवस रुसून बसल्या होत्या.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कसला धूर?”

“काही नाही, आई, असाच थोडासा…” जावई म्हणाला.

“निळा,” बायको म्हणाली. नवऱ्याने डोळे वटारले, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

“निळा म्हणजे तेल जळतंय,” सासूबाई उठत म्हणाल्या. सकाळभर कुरकुरणारे त्यांचे गुडघे अचानक गप्प झाले होते. “जावईबापू, गाडी कुठे लपवलीत?”

अर्ध्या तासात थोरली दारासमोर होती. सासूबाईंनी जावयाचा जुना शर्ट कपड्यांवरून चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि स्टूल मागवलं. जावई ओशाळून म्हणाला, “आई, तुम्ही कशाला हात काळे करता?”

“निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं पांढरे ठेवलेत, पुरे झाले.”

त्यांनी आधी हवेचा पाइप काढायला लावला. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा, मनगटाएवढा जाड रबरी पाइप. आतून तो तेलाने नुसता माखला होता. “बघा! टर्बोच गेलाय,” जावई म्हणाला. सासूबाईंनी पाइपात फिल्टरच्या बाजूने बोट घातलं, ते कोरडं निघालं. आणखी आत घातलं, तरी कोरडंच. मध्यावर एक बारीक नळी येऊन मिळत होती. तिथून पुढे मात्र तेलच तेल.

“ही नळी कुठून येते?”

“इंजिनाच्या वरून. आतली वाफ बाहेर पडते ना, ती.”

“म्हणजे ब्रीदर. इंजिन हिच्यातून उसासे टाकतं. बघू या, उसाशाबरोबर आणखी काय टाकतंय ते.”

त्यांनी टर्बोची दांडी बोटांनी हलवून पाहिली. जरासुद्धा डुगडुगली नाही. मग मोठा पाइप लख्ख पुसून घेतला, बारक्या नळीच्या जागी बूच मारलं आणि ती नळी एका रिकाम्या बाटलीत सोडून बाटली तारेने घट्ट बांधली. “आता एक चक्कर मारून या. चढावरून.”

जावई चक्कर मारून आला, तेव्हा शेजारचे चारपाच जण कट्ट्यावर येऊन बसले होते. बाटलीत चार बोटं तेल साठलं होतं. मोठा पाइप आतून कोरडा ठणठणीत.

“टर्बो बिचारा निर्दोष सुटला,” सासूबाईंनी जाहीर केलं. कट्ट्यावरून टाळ्या पडल्या.

“मग रिंगाच,” जावई पडेल आवाजात म्हणाला. इंजिन उतरवायचं म्हणजे पंधरा दिवस गाडी आडवी. मधवाला गेला, हंगाम गेला.

“रडू नका इतक्यात. इंजिन चालू ठेवा.” त्यांनी तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि उलटं करून तिथेच नुसतं ठेवलं. “रिंगा गेल्या असत्या तर खालच्या दाबाने हे झाकण उड्या मारत खाली पडलं असतं.” झाकण किंचित थरथरलं आणि शहाण्या मुलासारखं जागेवर बसून राहिलं. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

“टर्बो ठीक, रिंगा ठीक. तेल किती भरता?”

“तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत. एक थेंब कमी पडू देत नाही, आई. रोज सकाळी बघतो, कमी दिसलं की घालतो.” या बाबतीत तरी त्याला मान ताठ ठेवता येत होती.

“सगळं तेल काढा.”

खालचा नट सुटला. डबे मापून मापून भरू लागले. या इंजिनात तेरा लिटर तेल लागतं. तेरा झाले, धार चालूच. चौदा झाले. सोळाव्या लिटरला कट्ट्यावरचे लोक मोठ्याने मोजायला लागले. सतराला धार थांबली.

सासूबाईंनी मोजून तेरा लिटर परत भरलं, जरा वेळ जाऊ दिला आणि पट्टी बुडवून वर काढली. जेमतेम टोकाला तेल लागलं होतं. खूण चांगली दोन बोटं वर राहिली होती.

“ही पट्टी या इंजिनाची नाही. आखूड आहे. कुठून आणलीत?”

जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “जुनी मोडली होती… तीन-चार महिन्यांपूर्वी. भंगारवाल्याकडे अगदी तशीच मिळाली. म्हणजे, मला तशीच वाटली.”

मग सासूबाईंना हसू फुटलं. पोट धरून, स्टुलावरून घसरतील इतकं. “अहो, पोट भरलं म्हणत होती ती बिचारी, आणि तुम्ही आपलं वाढताय! फिरता दांडा तेलात बुडून त्याचं ताक करत होता, ते ताक नळीतून वर, तिथून हवेच्या पाइपात, आणि पुढे जळून धूर!” बायको उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होती. आधी जावयाने चिडायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्याच क्षणी तोही हसत सुटला. तीन महिने छातीवर बसलेला धोंडा असा दोन बोटांच्या पट्टीपायी होता तर!

सासूबाईंनी कानशीने पट्टीच्या अगदी टोकाशी नवी खूण घासली. “खरी पट्टी मिळेपर्यंत यावर भागवा. आणि प्रेम जरा आवरून करा.” फिल्टर बदलला, नळ्या धुऊन बसवल्या. उरलंसुरलं तेल जळेपर्यंत थोरली थोडी निळी खोकली, मग तिचा धूर दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना, माश्या पेट्यांत निवांत असताना, चाळीस पेट्या निघाल्या. सासूबाई केबिनमध्ये मध्ये, एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला मधवाला. चढावर मधवाला खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बाईमिस्त्री, माझ्या माश्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

पेट्या उतरवून झाल्या. समोर फुलांच्या मधून सरळ, सपाट, रिकामी वाट होती, मधवाल्याच्याच मालकीची. पुन्हा केबिनमध्ये बसल्यावर जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या स्टिअरिंगकडे बघत होत्या.

“डेपोत कधी चालवायला दिली नाही का, आई?”

“दुरुस्त करा आणि बाजूला व्हा, एवढंच सांगायचे.”

तो खाली उतरला, वळसा घालून पलीकडे जाऊन बसला आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. पहिला गिअर कर्रकन पडला. दुसरा जरा बरा पडला. तिसऱ्याला थोरली अशी सुटली की मधवाला टोपी सावरत मागून पळत, ओरडत राहिला, आणि सासूबाई वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दोन्ही बाजूंच्या फुलांना हॉर्न देत, सरळ पुढे निघाल्या.