ड्रायव्हरचा रकाना

राजीवने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि लंडनशेजारच्या स्लाऊमधल्या त्याच्या हॉलमध्ये युरोप पसरला. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, आणि परतताना जमलं तर स्वित्झर्लंड. प्रत्येक देशाला वेगळा रंग. राजीव माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी चित्र काढायचा तेव्हाही आधी रंग भरायचा, रेघा नंतर.

त्याचा मित्र सतीश बायकोला, प्रमोदिनीला, घेऊन लीड्सहून मुद्दाम आला होता. दोघे मित्र पुण्यातल्या एकाच कॉलेजचे, एकाच वर्षी इकडे आलेले, आणि एकमेकांसमोर 'मला हे जमत नाही' असं आजवर एकदाही न म्हणालेले. मी वेम्बलीहून आले होते, कारण भाड्याच्या गाडीतली सातवी सीट माझी होती. अशा ट्रिपला म्हातारीला नेतात ते पुण्य म्हणून नाही. दोन घरची दोन मुलं मागे भांडायला लागली की मध्ये बसवायला कोणीतरी लागतं.

राजीवची बायको वैभवी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. सकाळची शिफ्ट संपवून, एम पंचवीस मोटरवेच्या ट्रॅफिकमधून गाडी हाकत ती नुकतीच आली होती आणि कोट न काढताच कॉफीला लागली होती. मी तिच्या मागे किचनमध्ये गेले.

"मावशी, मला या ट्रिपमध्ये काय हवंय सांगू? मागची सीट. खिडकीजवळची. काचेला डोकं टेकवून झोपायचं, आणि डोंगर आला की कोणीतरी उठवायचं. बास."

"मग झोप की. राजीव आणि सतीश चालवणारेत ना?"

ती हसली नाही. "राजीव गुरुवारी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये परत नापास झाला. चौथ्यांदा. राउंडअबाउटवर. म्हणाला, सतीशला कळू देऊ नकोस."

भारतातलं लायसन्स इथे पहिलं वर्षभर चालतं. त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. वैभवी पहिल्या फटक्यात पास झाली आणि तेव्हापासून भाजीला तीच, देवळात तीच, लेक तनूच्या पोहण्याला तीच, हीथ्रोवरून पाहुणे आणायला तीच. आमचा राजीव तिच्या शेजारी बसून पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवल्याचं सांगतो, आणि गिअर कधी बदलायचा तेही.

"मग त्या टीव्हीवर काय चाललंय?"

"त्याचा प्लॅन तयार आहे," ती म्हणाली. "फेरीबोटीतून उतरलो की म्हणायचं, राजीवची पाठ धरलीय. मग वैभवी आहेच."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मी कप पुसायला घेतले. बोलले असते तर कप फुटला असता.

हॉलमध्ये आलो तेव्हा देश संपून रकाने सुरू झाले होते. ड्रायव्हर या रकान्यात राजीव, सतीश, राजीव, सतीश, असं खालपर्यंत. वैभवी आणि प्रमोदिनी ही नावं 'खाणं' या रकान्यात होती.

"ब्रुसेल्स ते म्युनिक एका दमात मारू," राजीव म्हणाला. "ऑटोबान म्हणजे काय, हायवे नव्हे, लोणी."

"ब्रेनरच्या घाटातून उतरताना जरा जपून," सतीश म्हणाला. "तिथे तूच घे."

"घेऊ की. त्यात काय."

मी म्हणाले, "राजीव, तू रे कितीदा उतरलायस तिथून?"

"मावशी, व्हिडिओ बघितलेत मी."

सतीशने फोन काढला. गाडीचं बुकिंग आत्ताच करून टाकू, ऑगस्टमध्ये दर चढतात, म्हणाला. दोन-चार ठिकाणी बोट लावून त्याने मान वर केली. "मेन ड्रायव्हर तूच ना? लायसन्स नंबर सांग."

राजीवने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग छताकडे, आणि शेवटी वैभवीकडे. "वैभवी, तुझाच दे ना. तुझा रेकॉर्ड क्लीन आहे. इन्शुरन्सला बरं पडतं."

औदार्य तर बघा. जणू तिला साडी घेऊन देत होता.

वैभवीने कॉफीचा ट्रे टेबलावर ठेवला. "नाही देणार."

"अगं, नुसता नंबर."

"मी चालवणार नाही, राजीव. एक किलोमीटरसुद्धा नाही. का ते तू सांग."

राजीवने घसा साफ केला. "टेस्टचं थोडं राहिलंय."

"थोडं म्हणजे?" सतीशने विचारलं.

"म्हणजे सगळंच."

मला वाटलं, आता सतीश भडकणार. तो तर पांढरा पडला. तेव्हा प्रमोदिनी बोलली, आणि ही बाई एरवी तोंडातल्या तोंडात बोलते. "ह्याच्याकडे लायसन्स आहे. कपाटात. पास झाल्यावर एकदा मोटरवेवर गेला, तेवढंच. शेजारून लॉरी गेली की डोळे मिटतो. आज लीड्सहून गाडी मीच आणली."

"मिटत नाही," सतीश म्हणाला. "बारीक करतो."

म्हणजे हा त्याच्या भरवशावर आणि तो ह्याच्या, आणि दोघे मिळून बायकांच्या भरवशावर सात देश रंगवत बसले होते.

"जाऊ दे गं," प्रमोदिनी वैभवीला म्हणाली. "आपण दोघी वाटून घेऊ. अर्धं अर्धं."

"मला अर्धंही नको," वैभवी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "ह्या दोन आठवड्यांसाठी मी चार महिने वीकेंड शिफ्ट केल्या. मी आणि तनू ट्रेनने साल्झबर्गला जाऊ. ट्रेनला खिडकी असते, आणि चालवणारा पगारी असतो."

"हे सगळ्यांसमोर करायची गरज होती?" राजीव म्हणाला.

"सगळ्यांसमोर टीव्हीवर तूच लावलंस."

ती अंगातल्या कोटासह तशीच वर गेली. सतीशने फोन खिशात टाकला. प्रमोदिनी कॉफी पीत राहिली. मला वाटतं ती हिशेब करत होती, त्या ट्रेनचं तिसरं तिकीट मागावं का याचा.

मी निघायला उठले. आणि राजीवने, शपथेवर सांगते, जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "वैभवी, मावशीला वेम्बलीला सोडतेस ना?"

"बूट घाल," मी म्हणाले. "माझी पिशवी घे. चालत येतोयस तू स्टेशनपर्यंत."

तो आला. पिशवीत त्याच्याच घरचे डबे होते, जड होती. अर्ध्या वाटेत म्हणाला, "उद्यापर्यंत शांत होईल ना गं ती?"

"ती शांतच आहे. तापलेय मी. तिची झोपसुद्धा विकायला काढलीस, आणि तीही सतीशसमोर मिरवायला."

त्याने पिशवीचा हात बदलला. स्टेशनच्या गेटशी पिशवी देताना म्हणाला, "ट्रेनमध्ये चार जणांचं टेबल असतं. तू विचारशील तिला? मी आलो तर चालेल का?"

"तूच विचार. आत्ता जाऊन. सतीश तिथे बसलेला असतानाच."

मी गेटमधून आत गेले. माझी ट्रेन आली तरी तो बाहेरच उभा होता. घराकडे पाय वळत नव्हते.